अठ्ठेचाळीस तासांचा विसार

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातील एका सोमवारी, सायंकाळची रोझरी आटोपून लोक घरोघरी परतत असताना, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले. वय साठीच्या पुढचे, बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. हातात मुलाचा मोबाइल होता आणि तो ते एखादी नाजूक वस्तू धरावी तसा दोन्ही हातांनी धरून होते.

“फादर, एक विचारायचं होतं. धर्माचा प्रश्न नाही, पैशाचा आहे.”

धर्माचा नाही असे सांगून आलेले प्रश्न बहुधा धर्माचेच असतात, हे तीस वर्षांच्या सेवेनंतर मला ठाऊक असायला हवे होते. त्या सायंकाळी ते मला सुचले नाही. मी खुर्ची पुढे केली.

प्रश्न असा होता. मुंबईहून टोरांटोला जाण्यायेण्याचे विमानभाडे त्या घडीला चौऱ्याण्णव हजार रुपये दिसत होते. प्रवास पुढल्या आठवड्यातील शुक्रवारचा. कंपनी म्हणत होती, दीड हजार रुपये भरा, अठ्ठेचाळीस तास हेच भाडे तुमच्यासाठी राखून ठेवू. तेवढ्या वेळात पूर्ण पैसे भरले तर तिकीट तुमचे, न भरले तर बंधन नाही. मात्र दीड हजार परत मिळणार नाहीत आणि तिकिटाच्या रकमेतून वजाही होणार नाहीत. “भरू की नको?” एवढेच त्यांना हवे होते.

जाण्याचे कारण मला माहीत होते. त्यांचे थोरले बंधू पंचवीस वर्षांपासून तिकडे स्थायिक होते. पोटाचा कर्करोग यकृतात पसरला असल्याचे पुतण्याने कळवले होते आणि डॉक्टरांनी औषधोपचार थांबवले होते. अकरा वर्षांपूर्वी आई वारल्यानंतर बावखलाकाठच्या सात गुंठे वाडीवरून दोघा भावांत बोलाचाली झाली, आणि मग बोलणेच राहिले नाही. या गृहस्थांची मुलगीही कॅनडातच असते, त्यामुळे व्हिसा त्यांच्याजवळ होता. दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे तीन महिने राहून आले होते. भावाचे घर तेथून मोटारीने अर्ध्या तासावर. ते गेले नव्हते.

(हे सर्व मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे. हे कचेरीत झालेले बोलणे आहे, पापनिवेदनातले नव्हे.)

मी काय केले? कागद घेतला आणि हिशेब मांडला. आम्हा धर्मगुरूंना संसारातले कळत नाही असा एक समज असतो. तो खोटा पाडण्याची संधी मिळाली की आम्हांला थोडा आनंद होतो. मी त्यांना समजावले, की विमानातील एकाच रांगेतल्या दोन खुर्च्यांचे भाडे सारखे नसते. कंपनी त्याच खुर्च्यांचे निरनिराळे भाडेवर्ग पाडते, प्रत्येकाला एक रोमन अक्षर देते, आणि स्वस्त वर्गातील ठरावीक जागा संपल्या की पुढचा महाग वर्ग उघडतो. खुर्ची तीच, भाडे वाढलेले. आपण दीड हजार भरतो ते खुर्चीसाठी नव्हे, त्या अक्षरासाठी. आता समजा, दोन दिवसांत भाडे दहा हजारांनी चढण्याची भीती आहे. जायचे निश्चित असेल, तर शंभरात पंधराहून अधिक वेळा तसे घडणार असेल तरच दीड हजार वसूल होतात. पण जायचे अनिश्चित असेल, तर आज तिकीट काढून उद्या रद्द करण्यात कितीतरी अधिक जातील. त्या मानाने दीड हजार काहीच नाहीत. “तुमचं अजून ठरलेलं नाही ना? मग भरा,” मी म्हणालो. त्यांनी माझ्यासमोरच भरले. निघताना त्यांचा चेहरा हलका झाला होता. माझाही.

आता या व्यवहाराकडे जरा नीट पाहू, कारण तो दिसतो तितका नवा नाही. आपल्या वाडीवाडीत विसार देण्याची रीत होती. व्यापारी येई, झाडावरचे केळीचे लोंगर पाही, शेतकऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवी. माल त्याचा ठरे. परंतु विसार किमतीतून वजा होतो, आणि विसार देणारा माणूस घेण्याचे ठरवून मगच देतो. विसार म्हणजे शब्द. विमान कंपनीचे हे शुल्क विसारासारखे दिसते, पण त्याच्या उलट आहे. ते न ठरवण्याबद्दल द्यायचे असते. डच कंपनी केएलएमने या सोयीला ‘विचार करायला वेळ’ अशा अर्थाचे इंग्रजी नावच दिले. एअर इंडियानेही २०२४ मध्ये अठ्ठेचाळीस तास भाडे राखण्याची अशी सोय सुरू केली. मी तरुणपणी प्रथम परदेशी गेलो तेव्हा फोर्टातला एजंट आमच्या नावाने जागा धरून ठेवी, आणि अमुक तारखेपर्यंत पैसे आणा म्हणून बजावी. त्या मुदतीचे तो वेगळे पैसे घेत नसे. कागदी तिकिटे २००८ च्या जूनपासून इतिहासजमा झाली, एजंटाच्या दुकानाची गरज कमी झाली, आणि जी मुदत पूर्वी ओळखीवर मिळे तिला किंमत लागली.

मुदतीला किंमत! येथे मला गुरुविद्यालयातील नीतिशास्त्राचा वर्ग आठवतो. तेराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील थॉमस ऑफ चोबम आणि फ्रान्समधील ऑक्सेरचा विल्यम या दोघा ईश्वरविद्यापंडितांनी सावकारीविरुद्ध एक युक्तिवाद मांडला. सावकार नेमके काय विकतो? पैसा तर तो परत घेतोच. तो विकतो मधला काळ. आणि काळ त्याचा नाही, तो परमेश्वराचा आहे, सर्व प्राण्यांना सारखा दिलेला आहे. जे आपले नाही ते विकणे ही चोरी. ख्रिस्तसभेने हा विषय किती गंभीर मानला होता, हे ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेवरून दिसते. उघड सावकारी करणाऱ्याला कम्युनियन नाही आणि ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाही, असे तिने ठरवले होते.

मग विमान कंपनी अठ्ठेचाळीस तास विकते, हे काय? त्या काळच्या पंडितांनी तिला माफ केले नसते, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तेच पंडित पुढे सूक्ष्म झाले. पैसे देणाऱ्याचे मुदतीमुळे खरोखर नुकसान होत असेल, किंवा हाती येऊ शकणारा नफा बुडत असेल, तर त्याने भरपाई घेणे न्याय्य आहे, असे ते म्हणू लागले. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ च्या परिपत्रकात सावकारीचा निषेध कायम ठेवला, तथापि कर्जाबाहेरच्या अशा न्याय्य कारणांना जागा असल्याचेही मान्य केले. या मापाने पाहिले तर कंपनी दोषी ठरत नाही. दोन दिवस ती ते भाडे दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही आणि भाव चढला तरी तिला जुनाच घ्यावा लागतो. तेवढी जोखीम तिने उचलली आहे. फार तर एवढे म्हणता येईल, की जे कायद्याने फुकट मिळते त्यासाठी कोणी पैसे मोजू नयेत. अमेरिकेत २०१२ पासून नियम आहे, की प्रवासाच्या सात दिवस वा अधिक आधी कंपनीकडे थेट केलेले आरक्षण चोवीस तास विनामूल्य धरून ठेवता आले पाहिजे, किंवा तेवढ्या वेळात दंडाविना रद्द करता आले पाहिजे. आपल्याकडेही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासी हक्कसनदेत चोवीस तासांची सवलत काही अटींवर दिलेली होती. असे नियम बदलत राहतात. पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सारांश, विकणाऱ्याचे पाप शोधायला मी निघालो आणि ते सापडले नाही. विकत घेणाऱ्याकडे पाहण्याचे मात्र राहून गेले.

बुधवारी मुदत संपली. भाडे तोवर सत्त्याण्णव हजार झाले होते. त्या गृहस्थांनी पुन्हा दीड हजार भरून ते राखले. शुक्रवारी तिसऱ्यांदा भरले आणि मग माझ्याकडे आले. या वेळी त्यांना विचारायचे काही नव्हते. केलेले सांगायचे होते. जुगारात हरलेला माणूस जसे सांगतो, तसे काहीसे.

मी विचारले, “येत्या दोन दिवसांत तुम्हांला असं काय कळणार आहे, जे आज माहीत नाही?”

ते गप्प राहिले. रजेचा प्रश्न नव्हता, ते निवृत्त. व्हिसा होता. पैसे होते. पत्नीची हरकत नव्हती. उलट तीच मागे लागली होती. डॉक्टरांचा अहवाल आलेला होता आणि त्यात भर पडण्यासारखे काही उरले नव्हते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मला वाटत होतं, दादाच फोन करील.”

सोमवारी मांडलेल्या हिशेबात ही गोष्ट मी धरलीच नव्हती. भाडे राखण्यासाठी पैसे भरणे शहाणपणाचे केव्हा असते? मुदत संपण्यापूर्वी काहीतरी कळायचे असते तेव्हा. मालकाचे रजेबद्दलचे उत्तर यायचे आहे, शस्त्रक्रियेची तारीख ठरायची आहे, मुलाच्या परीक्षेचे वेळापत्रक लागायचे आहे. अशा वेळी दीड हजार देऊन दोन दिवस घेणे हा विवेक. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘राज्यशास्त्रा’त थेलीस या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली आहे. ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून ऑलिव्हचे पीक उदंड येणार असे त्याने ताडले आणि ऐन हिवाळ्यात मिलेटस व चिऑस येथील सगळे तेलघाणे थोडाथोडा विसार देऊन धरून ठेवले. हंगामात सर्वांना घाणे हवे झाले तेव्हा त्याने आपल्या भावाने ते भाड्याने दिले. थेलीस वाट पाहत होता, पण पिकाची. पीक येणारच होते. किती येते एवढेच कळायचे होते.

ज्याला बाहेरून काहीच कळायचे नाही, तो कशाची वाट पाहतो? तो स्वतःची वाट पाहतो. आपलेच मन दोन दिवसांनी वेगळे होऊन आपल्याला भेटायला येईल, अशी त्याची आशा असते. संत थॉमस अक्वाइनस, ॲरिस्टॉटलला अनुसरून, सांगतात की मसलत सावकाश करावी, पण ठरलेले झटपट करावे. या दोहोंच्या मध्ये एक जागा आहे, जेथे मसलत संपलेली असते आणि कृती सुरू झालेली नसते. तेथे फार काळ थांबणाऱ्याला त्यांनी सावध म्हटलेले नाही. त्यांनी त्या दोषाला दिलेले नाव हयगय असे आहे.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात तीन प्रकारच्या माणसांवर एक चिंतन आहे. प्रत्येकाला दहा हजार डुकाट मिळालेले आहेत, निव्वळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेले नव्हेत, आणि त्या पैशाची आसक्ती मनावरून उतरावी असे तिघांनाही वाटते. पहिल्याला वाटते खरे, पण मरणघडीपर्यंत तो त्यासाठी काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्ती जायला हवी असते, मात्र पैसा हातचा न जाता. तिसरा ठेवणे आणि सोडणे या दोहोंविषयी मन मोकळे ठेवतो. दीक्षेपूर्वी आणि नंतरही कित्येक एकांतसाधनांत मी हे चिंतन केले आहे, इतरांकडून करवून घेतले आहे. दरवेळी मला पहिला माणूस आळशी वाटत असे. त्या शुक्रवारी तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता आणि आळशी मुळीच नव्हता. पाच दिवसांत त्याने तीनदा पैसे भरले होते. दर अठ्ठेचाळीस तासांनी काहीतरी करत होता. आपण निष्क्रिय नाही याची पावती त्याच्या मोबाइलमध्ये जमा होत होती. या सोयीचा हाच धोका मला मोठा वाटतो. पूर्वी न ठरवणाऱ्या माणसाला निदान अस्वस्थ तरी वाटे. आता ती अस्वस्थता दीड हजारांत दोन दिवस शांत करून मिळते.

प्रेषितांच्या कृत्यांत सुभेदार फेलिक्सची हकिकत आहे. पौल न्यायाविषयी आणि येणाऱ्या निवाड्याविषयी बोलू लागला तेव्हा तो भ्याला, आणि सवड मिळाली की पुन्हा बोलावीन म्हणून त्याने पौलाला परत पाठवले. पुढे तो त्याला वरचेवर बोलावतही असे. अशी दोन वर्षे गेली, फेलिक्सची बदली झाली, आणि पौल तुरुंगातच राहिला. राखून ठेवलेल्या गोष्टीचे भाडे राखणाराच भरतो असे नाही.

आणि याच्या अगदी उलट, यिर्मयाचा तो विलक्षण व्यवहार. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी चुलतभाऊ येऊन अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो. शत्रूच्या हाती जाऊ घातलेली जमीन! कोणताही बँकवाला थांबा म्हणाला असता. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बसवले, खरेदीखत मोहोरबंद केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. त्याने पूर्ण किंमत दिली, तीही वेढा उठण्याची वाट न पाहता. प्रत्येकाने असेच करावे असे मी म्हणत नाही. त्याला परमेश्वराचा शब्द मिळालेला होता. पण आप्तस्वकीयांशी समेट करण्याविषयी आपल्यालाही शब्द मिळालेला आहे, आणि तो संदिग्ध नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाची आठवण झाली तर अर्पण तेथेच ठेवून आधी जायला सांगितले आहे. तेथे मुदतीची सोय नाही.

हे सर्व मी त्या गृहस्थांना शुक्रवारी सांगितले नाही. सांगायचे सुचलेच नाही. “उद्या सकाळी तुम्हीच फोन करा,” एवढेच म्हणालो. शनिवारी त्यांच्याच्याने फोन झाला नाही. रविवारी पहिल्या मिस्सानंतर ते सॅक्रिस्टीत आले आणि म्हणाले, तिकीट काढले. राखलेले शुक्रवारचे नव्हे. मंगळवार रात्रीचे, एक लाख एकोणतीस हजारांचे.

बुधवारी ते टोरांटोला पोहोचले. थोरल्या भावाची वाचा शनिवारी गेली होती. वेदनाशामक औषधांमुळे ते बहुतेक वेळ ग्लानीत असत. दोनदा डोळे उघडून त्यांनी पाहिले, ओळखले असे पुतण्याला वाटले. सहा दिवस धाकटा भाऊ उशाशी बसून होता. पुढल्या मंगळवारी अंत झाला. नंतर पुतण्याने त्यांना सांगितले, की त्याआधीच्या गुरुवारी, म्हणजे येथे दुसरी मुदत चालू असताना, वडिलांनी विचारले होते, धाकट्याचा फोन आला होता का म्हणून.

परत आल्यावर ते मला भेटले तेव्हा दोष देण्यासाठी आलेले नव्हते. “भाडं तुम्ही बरोबर सांगितलंत, फादर,” असेच म्हणाले. हिशेब बरोबर होता. पण आज मला दिसते, की तो चुकीच्या दिवसाचा होता. ज्याने जायचे ठरवले आहे तो मरणाच्या दारातल्या भावासाठी अकरा दिवसांनंतरचे स्वस्त भाडे पाहतच नाही. मोबाइलवरची ती तारीखच मला सांगत होती की या माणसाचे काय चालले आहे; आणि मी तारखेकडे न पाहता रकमेकडे पाहिले. इग्नेशियस म्हणतात, कधी न पाहिलेला एखादा मनुष्य समोर आहे असे समजा आणि त्याचे भले इच्छून त्याला काय सल्ला द्याल ते पाहा. माझ्यासमोर तर माझ्या धर्मग्रामातला, पाहिलेला, ओळखीचा मनुष्य होता. पहिले दीड हजार भरायला त्याला मी सांगितले.

वाडीचे पुढे काय झाले असे काही वाचक विचारतील. ती पुतण्याच्या नावे करण्याचे कागद तलाठ्याच्या कार्यालयात आहेत. बावखलात यंदा पाणी बरे आहे.

गेल्या महिन्यात हेच गृहस्थ पुन्हा कचेरीत आले, हातात पुन्हा मुलाचा मोबाइल. नातीच्या पहिल्या कम्युनियनसाठी पतिपत्नींना कॅनडाला जायचे होते, परंतु पत्नीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मध्ये येते की काय अशी शंका होती. विचारताना ते जरा ओशाळले.

“तारीख केव्हा कळणार?” मी विचारले.

“गुरुवारी सकाळी डॉक्टर सांगणार आहेत.”

त्या दिवशी मंगळवार होता. मी म्हणालो, भरा.